वजन किती सांगू?

मंडळी, मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला होता. बोलता बोलता तिने २०१८ सालच्या अमेरिकेच्या फेरीतली एक आठवण काढली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, ह्यात हसण्यासारखं आहे तसंच वर्गात सांगण्यासारखंही बरंच आहे. आता वर्ग नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तेव्हा ताई, भावोजी आणि मी असे तिघं भाच्याकडे सॅन डिएगोला गेलो होतो. भाचा पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरवर बसतो, पण त्याचा जीव विमानात. रीतसर शिकून त्याने लायसन्स घेतलेलं. तिथे क्लबातून छोटं विमान तासावर भाड्याने मिळतं, आपल्याकडे पूर्वी सायकल मिळायची तसं! "रविवारी तुम्हा तिघांना समुद्रावरून फिरवून आणतो," असं त्याने जाहीर केलं. विमान चार जणांचं, सेसना १७२.

शुक्रवारी रात्री जेवणं झाली आणि हा टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसला.

"बाबा, तुमचं वजन?"

"ब्याऐंशी," भावोजी म्हणाले.

ताईने सत्तर सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुझं?"

आता काय सांगावं! त्याच दिवशी सकाळी त्यांच्या बाथरूममधल्या काट्यावर मी उभी राहिले होते. काटा ७६ वर थांबला होता. पण समोर भावोजी बसलेले, सूनबाई भांडी आवरत होती... मी म्हटलं, "अडुसष्ट." आठ किलो गिळून टाकले.

भाच्याने पेन्सिल थांबवली. "नक्की? विमानाला खोटं कळत नाही गं."

"नक्की," मी म्हटलं आणि झोपायला गेले.

शनिवारी त्याने आम्हाला तिथल्या बाल्बोआ पार्कमधलं विमानांचं म्युझियम दाखवायला नेलं. तिथे लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'ची हुबेहूब प्रतिकृती आहे. (मूळ विमान वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे, पण ते बांधलं गेलं ह्याच सॅन डिएगोत.) मी पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुन्हा पुढे आले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, ह्या विमानाला समोर काचच नाही! चालवणाऱ्याला पुढचं दिसणार कसं?

"तिथे पेट्रोलची टाकी आहे," भाचा म्हणाला. "आणि ती तिथेच का, हे कळलं की मी काल वजन का विचारत होतो ते कळेल."

त्या दिवशी त्याने जे सांगितलं आणि परत आल्यावर मी जे वाचून काढलं, ते असं.

सुरुवात आपल्या बैलगाडीपासून करते. लहानपणी गावी आजोबांना गाडी भरताना पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. गाडी दोन चाकांची. ओझं आसाच्या फार पुढे पडलं तर जू बैलांच्या मानेवर दाबतं. बैल कुंथतात, पण गाडी चालते. ओझं मागे जास्त झालं तर मात्र गाडी उलाळते, म्हणजे मागचा भाग खाली आणि धुरा आकाशाकडे. बैलांच्या गळ्याला फास बसायची वेळ येते. म्हणून आजोबा पोतं टाकलं की धुरा हाताने उचलून बघायचे आणि मग गड्याला सांगायचे, "एक पोतं पुढं घे." एकूण पोती तेवढीच, फक्त जागा बदलायची.

मी इतिहास घेऊन मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे यायचा. तेव्हा तरफेचा धडा बरेचदा शिकवला. टेकू, भार, बल. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवायचं. हा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केला, एवढं मी इतिहासवाली म्हणून आवर्जून सांगायची. ह्याच नियमावर विमानातल्या माणसांचे जीव टांगलेले असतात हे मात्र मला वयाच्या साठीनंतर कळलं.

जमिनीवरच्या गाडीला निदान चाकांचा आधार असतो. हवेत टेकू कुठला? विमानाचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलेलं असतं, तो गुरुत्वमध्य. पंखांची उचल आणि हा गुरुत्वमध्य यांचं जमलं पाहिजे, आणि ते राखायला शेपटीचा आडवा पंख असतो. नाक जड झालं तर विमान उचलायला त्रास होतो, जास्त धावावं लागतं. शेपूट जड झाली तर नाक आपोआप वर चढतं, वेग मरतो, पंखांची उचल एकदम सुटते आणि नाक खाली आणावं म्हटलं तर शेपटीचा जोर पुरत नाही. बैलगाडीचाच न्याय. पुढे जड म्हणजे कष्ट, मागे जड म्हणजे घात.

हे पहिल्यांदा अंगावर झेललं ते जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने. काठ्या आणि कापड यांचे पंख करून टेकडीवरून झेप घ्यायची, असं त्याने १८९१ पासून पाच वर्षांत सुमारे २,००० वेळा केलं. त्याच्या यंत्राला आजच्यासारखं सुकाणू नव्हतं. तो पंखांच्या मध्ये हातांवर लोंबकळायचा आणि पाय पुढे-मागे, डावी-उजवीकडे झोकून तोल सांभाळायचा. म्हणजे स्वतःचं शरीर हेच सरकवायचं वजन! ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने यंत्राचं नाक वर गेलं. त्याने पाय पुढे झोकले, पण तेवढं पुरलं नाही. सुमारे ५० फुटांवरून तो कोसळला, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या इस्पितळात गेला.

ही बातमी अमेरिकेत सायकलींचं दुकान चालवणाऱ्या दोघा भावांनी वाचली. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनी ठरवलं की अंग झोकून तोल सांभाळणं पुरेसं नाही, पंख आणि सुकाणू हलवून तो सांभाळला पाहिजे. पण वजनाचा हिशेब त्यांनाही चुकला नाही. त्यांच्या १९०३ च्या विमानात इंजिन मध्यापासून जरा उजवीकडे होतं आणि चालवणारा डावीकडे पालथा झोपायचा. इंजिन माणसापेक्षा जड. म्हणून त्यांनी काय करावं? उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंच लांब ठेवला! तेवढी उचल जास्त.

१७ डिसेंबर १९०३ ला ते उडाले. पहिली झेप १२ सेकंदांची, १२० फुटांची. पाठ्यपुस्तकात एवढंच असतं आणि मीही एवढंच शिकवलं. पण ते विमान सरळ उडत नव्हतं. वर-खाली हेलकावे खात होतं. कारण गुरुत्वमध्य फार मागे होता. पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, डेटनजवळच्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणात दुसरं विमान घेऊन त्यांनी पुन्हा प्रयोग सुरू केले. आधी वजन आणखी मागे नेऊन पाहिलं तर खोड वाढली. मग उलट केलं, आणि शेवटी विमानाच्या पुढच्या टोकाला ७० पौंड लोखंड बांधलं. उडायला एकेक पौंड जड जात असताना त्यांनी ७० पौंड नुसतं लोखंड वर न्यायचं कबूल केलं, आणि विमान पूर्वीपेक्षा ताब्यात राहू लागलं!

मला ह्या सगळ्या इतिहासात हे लोखंड सर्वांत आवडतं. पंखांची चित्रं मुलं वहीत काढतात, लोखंडाचं कोणी काढत नाही. पण उडण्याचं अर्धं शास्त्र त्यात आहे. वजन किती हा एक प्रश्न, आणि ते कुठे ठेवलं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं खरी हवीत.

१९०८ मध्ये ते दुसऱ्या माणसाला बरोबर नेऊ लागले तेव्हाही हाच विचार. पाहुण्याची जागा त्यांनी बरोबर मध्यावर ठेवली. पाहुणा असो वा नसो, डावी-उजवी बदलायला नको.

आता त्या बिनकाचेच्या विमानाकडे येऊ.

न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलरचं बक्षीस होतं. सप्टेंबर १९२६ मध्ये पहिल्या महायुद्धातला नावाजलेला फ्रेंच वैमानिक रेने फॉन्क तीन इंजिनांचं मोठं विमान घेऊन निघाला. बरोबर तिघे सोबती, आत सजावट, बिछानासुद्धा. विमान ठरल्यापेक्षा कितीतरी जड झालं होतं. ते जमीन सोडू शकलंच नाही. धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटलं, दोघे गेले. २६ एप्रिल १९२७ ला अमेरिकन नौदलातले डेव्हिस आणि वूस्टर पूर्ण ओझं भरून शेवटची चाचणी घेत होते. तेही विमान जड ओझ्यासकट पडलं आणि दोघेही गेले.

त्या वेळी पंचवीस वर्षांचा चार्ल्स लिंडबर्ग सॅन डिएगोत डोनाल्ड हॉल नावाच्या इंजिनिअरबरोबर आपलं विमान बांधून घेत होता. एक इंजिन, एक माणूस. रिकाम्या विमानाचं वजन २,१५० पौंड, आणि त्यात भरायचं पेट्रोल सुमारे ४५० गॅलन, म्हणजे जवळजवळ २,७०० पौंड. विमानापेक्षा पेट्रोल जड! आणि ते वाटेत जळत जाणार. निघताना एवढं ओझं, पोहोचताना टाक्या जवळपास रिकाम्या. टाकी पुढे किंवा मागे ठेवली असती तर तासातासाला तोल बदलत गेला असता. म्हणून मुख्य टाकी गुरुत्वमध्यापाशीच ठेवायची ठरली. तिथलं ओझं कमी झालं तरी तोल जागचा हलत नाही, जशी तराजूच्या दांडीला मधोमध धरलेली दोरी. त्यासाठी बसायची जागा टाकीच्या मागे नेली, आणि ती मागे गेली म्हणून इंजिन पुढे सरकवलं. शिवाय अपघात झालाच तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चेंगरायचं नाही, असाही लिंडबर्गचा विचार होता. ह्या सगळ्याची किंमत म्हणजे समोरची काच गेली. पुढचं पाहायला बाजूची खिडकी आणि आरशांची एक छोटी नळी, बस्स.

बाकी वजनाच्या बाबतीत तो आपल्या जुन्या बायकांसारखा काटकसरी. रेडिओ नको, पॅराशूट नको. बसायला वेताची खुर्ची. नकाशांच्या नको त्या कडासुद्धा कापून टाकल्या. खायला पाच सँडविच. २० मे १९२७ ला चिखलाच्या मैदानावरून ते विमान कसंबसं उठलं, पुढच्या तारांवरून जेमतेम २० फुटांनी गेलं, आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. जास्त ओझ्यासाठी पंख दहा फुटांनी वाढवले, पण शेपूट जुन्याच मापाची. ती वाढवायला वेळ नव्हता. त्यामुळे विमान सारखं भरकटू पाहायचं, सारखं सावरावं लागायचं. लिंडबर्गचं म्हणणं, त्यामुळेच आपण झोपलो नाही. असो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर १५ ऑक्टोबर १९३२. जे.आर.डी. टाटा 'पस मॉथ' नावाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर ५५ पौंड टपाल. पाहा, आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवात झाली ती अशा ओझ्याने, जे मोजूनच विमानात चढतं. पत्राला वजनाचा संकोच नसतो. माणसाला असतो.

आणि माणसाला मोजायचं टाळलं की काय होतं ते २००३ साली दिसलं. प्रवासी कंपन्या प्रत्येकाला काट्यावर उभं करत नाहीत, माणशी एक सरासरी वजन धरून चालतात. शेकडो लोकांच्या विमानात जाड-बारीक जमून जातं. एकोणीस लोकांच्या विमानात तसं होईलच असं नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटच्या विमानतळावरून असं एक विमान उडालं. कागदावर सगळं मर्यादेत होतं. प्रत्यक्षात ते जड होतं आणि शेपटीकडे कललेलं होतं. त्यात आधीच्या दुरुस्तीत शेपटीच्या सुकाणूची तार चुकीची जुळवलेली, त्यामुळे नाक पुरेसं खाली आणता येईना. नाक वर चढत गेलं आणि एका मिनिटाच्या आत विमान खाली आलं. एकवीसच्या एकवीस माणसं गेली. नुसती दुरुस्तीची चूक असती तर कदाचित निभावलं असतं, नुसतं वजन असतं तरी कदाचित निभावलं असतं. दोन्ही एकत्र आली. त्यानंतर तिथल्या सरकारने खरी वजनं घेऊन पाहायला लावली. लोक पूर्वीपेक्षा जड झाले होते आणि हिशेबातला आकडा जुनाच राहिला होता. तो वाढवावा लागला.

ही शेवटची गोष्ट भाच्याने म्युझियमच्या बाहेर बाकावर बसून सांगितली. मी गप्प झाले. घरी येईपर्यंत गप्पच होते.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर त्याच्या खोलीचं दार वाजवलं. "शहात्तर," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे मला फार आवडलं. त्याने कालचा कागद काढला आणि माझ्यासमोर पुन्हा मांडला. रिकामं विमान १,४५० पौंड. पुढे तो आणि भावोजी मिळून ३५०. मागे ताई १५४. मी, काल सांगितल्याप्रमाणे, १५०. पेट्रोल ३० गॅलन, म्हणजे १८० पौंड. डब्याची पिशवी १०. बेरीज २,२९४. ह्या विमानाची मर्यादा २,३००. म्हणजे काल कागदावर सहा पौंड वाचत होते.

मग १५० खोडून १६८ लिहिलं. बेरीज २,३१२. बारा पौंड जास्त.

"बारा पौंडांनी पडलो असतो का रे?" मी विचारलं.

"बहुतेक नाही. पण मावशी, चौघांनी आठ-आठ किलो चोरले तर ७० पौंड होतात. तेवढे कुठे आहेत हे मला माहीतच नसतं."

७० पौंड! राइट बंधूंनी पुढे बांधलं तेवढंच लोखंड. फरक एवढाच की त्यांना ते कुठे आहे हे ठाऊक होतं.

त्याने तीन गॅलन पेट्रोल कमी भरायचं ठरवलं. १८ पौंड उतरले, बेरीज पुन्हा २,२९४. माझ्या संकोचाची किंमत म्हणजे सुमारे वीस मिनिटांचं पेट्रोल!

मग तोलाचा हिशेब. इंजिनामागच्या पोलादी पडद्यापासून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजायचं, हीच भुजा. पुढच्या खुर्च्या ३७ इंचांवर, टाक्या ४८ वर, मागची बैठक ७३ वर, सामान ९५ वर. प्रत्येकाचं वजन गुणिले भुजा करायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचं. उत्तर आलं ४४.३ इंच. तेवढ्या वजनाला ३८.५ ते ४७.३ च्या मध्ये कुठेही चालतं. पेट्रोल जळत गेलं की हा बिंदू किंचित पुढे येतो, तोही त्याने उतरतानाच्या वजनावर काढून पाहिला. अर्धा इंचही हलत नव्हता.

"मी आणि भावोजींनी जागा बदलली तर?" मला आता गोडी लागली होती.

"तूच काढ." त्याने पेन्सिल माझ्याकडे दिली. रीत सोपी आहे. सरकलेल्या वजनाला एकूण वजनाने भागायचं आणि ते जितकं सरकलं त्या अंतराने गुणायचं. आमच्या दोघांत फरक १३ पौंडांचा, खुर्च्यांमध्ये अंतर ३६ इंच. तेरा छत्तीस ४६८, भागिले २,२९४. पाव इंचही नाही. तोल जरासा मागे जात होता, पण मर्यादेच्या आतच राहत होता. म्हणून रविवारी पुढे मी बसले आणि मागे भावोजी, ताईशेजारी. (भावोजी, हे वाचत असालच. त्या दिवशी खिडकीवरून तुम्ही कुरकुरलात, पण हिशेब माझा होता!)

समुद्रावर गेल्यावर खाली कोरोनाडोचा पूल खेळण्यासारखा दिसत होता. भाच्याचा हात सुकाणूवर सैल होता, दोन बोटांनी धरल्यासारखा. तोल नीट असला की जोर लावावा लागत नाही, असं तो म्हणाला. मला आजोबांचा धुरा उचलून बघणारा हात आठवला.

इतकी वर्षं शिकवलं की इतिहास म्हणजे शूरांची कामगिरी. आहेच. पण त्या शूरांच्या खिशात एक वजनांचा कागद होता, आणि ज्यांचा कागद खोटा निघाला त्यांच्यातले फार थोडे पुढे इतिहास सांगायला उरले. गणित चुकलं तर दुरुस्त करता येतं. आकडाच लाजून खोटा सांगितला तर गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हापासून डॉक्टर असो की नातेवाईक, कोणीही विचारलं तर मी खरं वजन सांगते. आज सकाळचं ७४.

तुमच्या गावी गाडी मागून जड झाली की 'उलाळली' म्हणतात की आणखी काही? आठवत असेल तर जरूर कळवा.